दुसरी बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर: गाडी कामाला लावण्याआधीची तयारी

बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर गाडीतल्या गाण्यांसाठी हवे असले, तरी ते सगळ्यांत शेवटी घ्यायचे. आधी लागतो तो मीटर, आणि तोही डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर. घरच्या वायरिंगसाठी मिळणारे बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. गाडीच्या तारेला लावले की शून्य दाखवत बसतात. मीटर हातात आला की इंजिन चांगलं तापू द्या, गाडी आयडलिंगला ठेवा, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर पूर्ण चालू ठेवा. अल्टरनेटरच्या मुख्य तारेतला करंट, अल्टरनेटरच्या बोल्टवरचं व्होल्टेज आणि बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज असे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय यांच्यावरच आहेत.

आता गणित. १००० वॉट आरएमएसचा (सलग देता येणारी ताकद) क्लास डी (कमी तापणारा, कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टला पूर्ण जोरावर सुमारे ९० अँपिअर ओढतो. गाणं सलग पूर्ण जोरावर वाजत नसल्यामुळे सरासरी साधारण त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे २५-३० अँपिअर धरायला हरकत नाही. रात्री एसी लावून चालणाऱ्या गाडीची स्वतःची भूक ४० च्या आसपास. अल्टरनेटरवर ९० अँपिअर छापलेले असले तरी तो आकडा चढ्या आरपीएमचा. तापलेल्या अल्टरनेटरमधून आयडलिंगला बऱ्याचदा त्याच्या निम्म्याच्या आसपासच निघतात. सिग्नलला थांबल्यावर शिल्लक काय राहतं ते दिसतंच. इंजिन चालू असताना दुसरी बॅटरी मदतीला येत नाही, उलट तीही खायला बसते: अर्धी उतरलेली ६५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी सुरुवातीला २०-३० अँपिअर सहज मागते. त्यामुळे बासच्या ठोक्याला दिवे मंदावतात एवढीच तक्रार असेल तर बॅटरी वाढवू नका, आधी केबल बदला. दुसरी बॅटरी हवी ती इंजिन बंद ठेवून गाणी ऐकण्यासाठी.

गाडी बीएस ६ असेल तर आणखी एक तपासणी. दहा-पंधरा मिनिटं चालवत व्होल्टेज बघत राहा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर १२.५ पर्यंत उतरतं आणि पाय काढला की १४.५ च्या पुढे चढतं, असं दिसलं तर अल्टरनेटर ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) ताब्यातला, म्हणजे स्मार्ट आहे. तिथे व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, म्हणजे रिले, चालत नाही. तो साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो, म्हणजे दिवसभर टकटक करत राहील आणि मागची बॅटरी उपाशीच. अशा गाडीला २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतो, तो कमी-जास्त होणारं व्होल्टेज सावरून मागची बॅटरी भरतो. लिथियम बॅटरी लावायची असेल तरीही तोच, कारण ती थेट जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवते. जुन्या, ठरावीक १४.२-१४.४ देणाऱ्या गाड्यांना रिले पुरतो. फक्त स्टार्टरचा सोलेनॉइड स्वस्त मिळतो म्हणून तो लावू नका. तो काही सेकंदांसाठी बनलेला असतो, तासभर चालू ठेवला की कॉइल जळते. डायोडचा आयसोलेटरही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाळा, त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट जातो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

केबलवर मात्र कंजुषी नको. तीन तुकडे आधी बदलायचे: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. कंपनीच्या तारा काढू नका, नव्या त्यांच्या जोडीला टाका. अल्टरनेटरच्या नव्या तारेला तिचा वेगळा फ्यूज द्या, नाहीतर कंपनीच्या फ्यूजला वळसा पडतो. डिकीपर्यंत पाच मीटर जायचं असेल तर ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घ्या. १०० अँपिअरला तिच्यात सुमारे ०.२८ व्होल्ट पडतात, २५ च्या केबलमध्ये ०.३९. वेल्डिंगची केबल उत्तम चालते, पण विकत घेताना टोक ताजं कापून घ्या आणि एक बारीक तार ब्लेडने खरवडा. बाहेरून चंदेरी, आत तांबडी निघाली तर कथील चढवलेलं तांबं आहे, बिनधास्त घ्या. वर तांबडी आणि आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिच्यात व्होल्टेज साधारण दीडपट पडतं, आणि थिंबलपाशी (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीपाशी) ती हळूहळू सैल होऊन तापते. ऑडिओच्या तयार 'किट'मध्ये बहुतेक हीच असते. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या; हातोडीने ठोकलेलं थिंबल पहिल्या खड्ड्यांतच बोलतं.

फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो, अ‍ॅम्प्लिफायरच्या नव्हे. ३५ च्या केबलला १५० अँपिअरचा एएनएल फ्यूज (बोल्टने आवळायचा पट्टीसारखा), दोन्ही बॅटऱ्यांपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. दोन्ही टोकांना हवा, कारण मधे तार घासली तर आगीला करंट दोन्हीकडून पुरवला जातो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेची रिंग, विसरू नका. पॉवरची केबल एका बाजूने, आरसीएच्या (गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या) तारा दुसऱ्या.

डिकीत किंवा सीटखाली पाणी भरायची बॅटरी अजिबात नको, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. एजीएम (सीलबंद, पाणी न भरायची) घ्या आणि लोखंडी पट्टीने जखडा. ६५ एएचमधले निम्मे वापरायचे धरले तर १५ अँपिअरला दोन तास मिळतात. इंजिन बंद करून थोड्या वेळाने १२.२ दिसलं की गाणी थांबवायची.

अर्थसाठी (निगेटिव्ह जिथे बॉडीला जोडायचं तिथे) बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर चौकोनी सेन्सर असेल तर सगळे अर्थ बॉडीवरच घ्या, थेट बॅटरीच्या टोकावर नाही. नाहीतर सेन्सरला बायपास करून गेलेला करंट ईसीयूच्या हिशेबातच येत नाही.

कामाच्या दिवशी निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा. सीटखालच्या पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या. काम झाल्यावर सुरुवातीचे तिन्ही आकडे पुन्हा घ्या: पूर्ण लोडवर अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्या पॉझिटिव्हमध्ये ०.२ व्होल्टहून जास्त फरक असेल तर एखादं थिंबल ढिलं आहे. अल्टरनेटरचा पट्टा चिरकला तर तोही बघा. स्क्रूने आवळायच्या फ्यूज होल्डरमध्ये तारा दबत जातात, आठवड्याने पुन्हा आवळा. बिलं जपा आणि विमा कंपनीकडून आयएमटी २४ चं एंडोर्समेंट (नंतर बसवलेल्या इलेक्ट्रिकल सामानाची नोंद) घ्या, नाहीतर सामान चोरीला गेल्यावर दावा बसत नाही.

शेवटची तपासणी गाडी लॉक करून. अर्धा-पाऊण तास सगळे मॉड्यूल झोपू द्या, मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर निगेटिव्हच्या वाटेत जोडा. मोजताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलीअँपिअरच्या आत हवं. जास्त दिसलं तर अ‍ॅम्प्लिफायरची रिमोट तार (त्याला चालू-बंद करणारी) बघा, बहुतेक ती कायम चालू असलेल्या पॉइंटला जोडलेली असते.