नाराज स्टार खेळाडूचा सौदा बरोबर होता का, हे कसे ठरवावे

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीएमधील एखाद्या संघाने आपल्या नाराज स्टार खेळाडूला दुसऱ्या संघाकडे धाडले की चर्चा बहुधा दोन आकड्यांभोवती फिरू लागते. तो गेल्यावर जुना संघ किती सामने जिंकला, आणि नव्या संघात तो स्वतः किती गुण काढतो आहे, एवढे पाहून लोक निकाल देऊन मोकळे होतात. हे आकडे उपयोगाचे आहेत, परंतु ते व्यवहारानंतरचे आहेत आणि निर्णय व्यवहाराआधी झालेला असतो. असा सौदा पारखायचा कसा, हे पुढे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे मांडले आहे. ते उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०११ मध्ये डेन्व्हर नगेट्सने कार्मेलो अँथनीला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवले तो व्यवहार. तुलनेसाठी २०१८ मधील सॅन अँटोनियो स्पर्स आणि कवाय लेनर्ड यांचे प्रकरण घेतले आहे.

आयपीएलमुळे आपल्याकडच्या वाचकांना ‘ट्रेड’ नवा नाही, पण दोन्हीकडचे नियम बरेच वेगळे आहेत. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते आणि नुसत्या पैशांवरही व्यवहार होऊ शकतो. एनबीएमध्ये मोजके अपवाद वगळता खेळाडूला विचारण्याचे बंधन नसते, रोख रकमेवर मर्यादा असते, आणि पगाराची कमाल मर्यादा ओलांडलेल्या संघांना जितक्या पगाराचे खेळाडू द्यायचे साधारण तितक्याच पगाराचे परत घ्यावे लागतात. त्यामुळे मोठ्या सौद्यांत पाचसहा नावे दिसतात आणि त्यांतली दोनतीन केवळ पगाराची बेरीज जुळवण्यासाठी आलेली असतात. यादी वाचताना ही नावे आधी बाजूला काढावीत.

निर्णयाच्या दिवशी कोणते पर्याय होते

पहिले काम तारीख पक्की करण्याचे आहे. त्या तारखेनंतर घडलेले सर्व काही तात्पुरते झाकून ठेवावे आणि त्या दिवशी संघापुढे कोणते मार्ग उघडे होते ते लिहून काढावेत. यासाठी खेळाडूच्या कराराइतका उपयोगी कागद दुसरा नाही. करार संपायला तीन वर्षे असतील तर खेळाडूची नाराजी ही संघाची डोकेदुखी असते, पण संकट नसते. चार महिने उरले असतील तर संघाच्या हातात जवळजवळ काहीच नसते.

डेन्व्हरने २०१० च्या उन्हाळ्यात अँथनीपुढे तीन वर्षांचा, सुमारे ६.५ कोटी डॉलरचा वाढीव करार ठेवला होता आणि त्याने त्यावर सही केली नव्हती. २०११ च्या उन्हाळ्यात तो करारातून मोकळा होऊ शकत होता. म्हणजे डेन्व्हरपुढचे खरे मार्ग तीन होते: त्याचे मन वळवणे, हंगामातील सौद्यांच्या फेब्रुवारीतील मुदतीआधी त्याला देऊन काही मिळवणे, किंवा हंगाम पूर्ण खेळवून उन्हाळ्यात तो रिकाम्या हाताने निघून जाण्याचा धोका पत्करणे. ‘अँथनीला ठेवायला हवे होते’ असे म्हणणाऱ्याने यांपैकी कोणत्या मार्गाने ठेवायचे, हे सांगितले पाहिजे.

तिसऱ्या मार्गाचे काय होते याचा नमुना त्याच हंगामात सर्वांसमोर होता. जुलै २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला आणि काही ड्राफ्ट निवडींपलीकडे (म्हणजे लीगमध्ये येणारे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या हक्कांपलीकडे) क्लीव्हलंडच्या हाती फारसे लागले नाही. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकलेला तो संघ २०१०-११ मध्ये सलग २६ सामने हरला, आणि ती मालिका डेन्व्हरच्या व्यवहाराच्या जेमतेम दीड आठवडा आधी संपली होती. डेन्व्हरचे जनरल मॅनेजर मसाई उजिरी यांनी २०१० च्या ऑगस्टमध्येच सूत्रे हाती घेतली होती. त्यांच्या जागी बसून पाहिल्यास हा नमुना कोणत्याही सांख्यिकीपेक्षा जड ठरतो.

नाराजी कशाची आहे

यानंतर नाराजीचे कारण तपासावे, कारण त्यावरच मन वळण्याची शक्यता अवलंबून असते. खेळाडू प्रशिक्षकावर रागावला असेल तर प्रशिक्षक बदलता येतो. सोबतीचे खेळाडू कमी पडत असतील तर ते आणता येतात. पैशांचा प्रश्न तर बहुतेक वेळा सर्वांत सोपा असतो. परंतु खेळाडूला विशिष्ट शहरातच जायचे असेल, किंवा त्याचा संघावरचा विश्वास उडाला असेल, तर संघाने करण्यासारखे फार थोडे उरते.

अँथनीची गोष्ट शहराची होती. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या खेळाडूला न्यूयॉर्कला खेळायचे होते. डेन्व्हर हा काही रडतराऊत संघ नव्हता. अँथनी आल्यापासून संघ दरवर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचत होता. मात्र २००९ चा अपवाद सोडला, जेव्हा संघाने वेस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम मालिका गाठली, तर प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला होता. लेनर्डच्या बाबतीत मात्र विश्वासच तुटला होता. मांडीच्या दुखापतीवरील उपचारांबाबत त्याचे आणि संघाच्या वैद्यकीय पथकाचे मतभेद झाले, २०१७-१८ च्या हंगामात तो फक्त ९ सामने खेळला, आणि जून २०१८ मध्ये त्याने सॅन अँटोनियो सोडण्याची इच्छा कळवली. त्याच्याशी मोठा करार करण्याची मुभा स्पर्सला होती. पैसा हे उत्तर असते तर ते प्रकरण मिटले असते. माझ्या मते दोन्ही संघांसाठी मन वळवण्याचा मार्ग व्यवहारापूर्वीच बंद झाला होता, आणि म्हणून ‘विकावे का’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी ‘होय’ असेच येते.

काय मिळाले आणि काय मिळू शकले असते

खरी पारख येथून सुरू होते, आणि बहुतेक चर्चा येथेच चुकतात. गेलेल्या खेळाडूच्या तोडीचे काही मिळाले का, असे विचारले तर उत्तर जवळपास नेहमी नकारार्थी येईल. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात, आणि सर्वोत्तम खेळाडू सामन्यातील बहुतांश वेळ खेळतो. त्यामुळे एका असामान्य खेळाडूची भरपाई तीन चांगल्या खेळाडूंनी होत नाही. विचारायचे ते असे की, त्या आठवड्यात बाजारात जी सर्वांत चांगली किंमत मिळत होती ती संघाने मिळवली का.

हे जोखण्यासाठी गिऱ्हाइके किती होती ते पाहावे. अँथनीला न्यूयॉर्कच हवे आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने निक्सला स्वस्तात सौदा उरकता आला असता. तसे झाले नाही, कारण शेजारचा न्यू जर्सी नेट्स हा संघही मागणी घालत होता. नेट्सच्या मालकांनी जानेवारीत बोलणी थांबवल्याचे जाहीर केले, तरी ती शक्यता पुरती मावळली नाही आणि उजिरी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबून राहिले. निक्सचीही घाई होती. एनबीएचा खेळाडूंशी असलेला सामूहिक करार ३० जून २०११ रोजी संपणार होता आणि नव्या करारात पगार आक्रसतील अशी भीती होती. त्यामुळे उन्हाळ्यात मोकळे होऊन निक्सकडे जाण्यापेक्षा जुन्या नियमांखालीच सही करणे अँथनीच्याही फायद्याचे होते. या दोघांच्या घाईचे मोल डेन्व्हरने वसूल केले. नाराज खेळाडूचा संघ नेहमीच दुबळ्या बाजूला असतो असे जे समजले जाते, त्याला हा चांगला प्रतिवाद आहे.

मुदत २४ फेब्रुवारीला संपत होती आणि व्यवहार २२ तारखेला झाला. डेन्व्हरने अँथनीसोबत चॉन्सी बिलप्स आणि इतर काही खेळाडू दिले. मुख्य लाभ म्हणून डॅनिलो गॅलिनारी, विल्सन चँडलर, रेमंड फेल्टन आणि तिमोफे मोझगोव्ह हे चौघे आले, २०१४ ची निक्सची पहिल्या फेरीतील ड्राफ्ट निवड आली, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आल्या, आणि २०१६ मध्ये निक्सशी पहिल्या फेरीतील क्रम बदलून घेण्याचा हक्क मिळाला. गॅलिनारी तेव्हा २२ वर्षांचा आणि चँडलर २३ वर्षांचा होता. वय येथे आवर्जून पाहावे, कारण स्टार खेळाडू गेल्यावर संघाला पुढची पाचसहा वर्षे उभी करायची असतात.

बाजारभावाचा दुसरा पुरावा दुसऱ्याच दिवशी मिळाला. अँथनी हातचा गेल्यावर नेट्सने यूटा जॅझकडून डेरॉन विल्यम्सला घेतले आणि त्याच्यासाठी डेरिक फेव्हर्स, डेव्हिन हॅरिस आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या. विल्यम्सच्या करारात अँथनीच्या करारापेक्षा अधिक अवधी शिल्लक होता, म्हणजे यूटाची बाजू अधिक भक्कम होती. तरीही दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यास डेन्व्हर कुठे कमी पडल्याचे दिसत नाही. अशी समकालीन तुलना मिळाली तर ती सोडू नये, कारण वृत्तपत्रांत छापून आलेल्या ‘जवळजवळ ठरलेल्या’ प्रस्तावांपेक्षा प्रत्यक्ष झालेला व्यवहार फार विश्वसनीय असतो.

सॅन अँटोनियोने १८ जुलै २०१८ रोजी लेनर्ड आणि डॅनी ग्रीन यांना टोरंटोकडे दिले आणि डीमार डीरोझन, याकोब पोल्टल व २०१९ ची संरक्षित निवड घेतली. संरक्षण पहिल्या वीस क्रमांकांचे होते; त्या वीसांत आलेली निवड टोरंटोकडेच राहणार होती. म्हणजे निवड मिळणार तीही फेरीच्या शेपटाकडची, हे सही करतानाच स्पष्ट होते. तीच पुढे २९ वी निवड ठरली आणि तिच्यावर केल्डन जॉन्सन आला. यादीतले मोठे नाव डीरोझनचे होते, जो तेव्हा एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. संघाला लगेच जिंकत राहायचे होते, हे यातून दिसते. हा हेतू समजण्याजोगा असला तरी मला तो निर्णयातील कच्चा दुवा वाटतो, कारण सर्वोत्तम खेळाडू गेल्यावर त्याच उंचीवर राहण्याचा प्रयत्न संघाला मध्यम स्थानावर अडकवून ठेवतो आणि तेथून ड्राफ्टमध्येही चांगला क्रमांक मिळत नाही.

निकालांकडे केव्हा आणि कसे पाहावे

आता झाकलेले आकडे उघडावेत, परंतु घाईने नव्हे. डेन्व्हर व्यवहारापूर्वी ३२-२५ (३२ विजय, २५ पराभव) असा होता आणि त्यानंतर उरलेल्या २५ सामन्यांपैकी १८ जिंकला. त्या वसंतात ‘अँथनी गेला ते बरेच झाले’ असा सूर उमटला. पंचवीस सामन्यांवरून असे ठरवू नये. नव्या संघाची खेळण्याची पद्धत प्रतिस्पर्ध्यांना समजायलाही वेळ लागतो. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ओक्लाहोमा सिटीने डेन्व्हरला ४-१ असे हरवले. अधिक वजनदार पुरावा २०१२-१३ चा आहे, जेव्हा कोणताही मोठा स्टार नसताना संघाने ५७ सामने जिंकले, प्रशिक्षक जॉर्ज कार्ल यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा आणि उजिरींना सर्वोत्तम व्यवस्थापकाचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षीही गोल्डन स्टेटने पहिल्या फेरीत बाहेर काढले. यातून इतकेच म्हणता येते की डेन्व्हरने दर्जा टिकवला, छत मात्र फोडले नाही.

न्यूयॉर्कच्या बाजूने पाहिले तर अँथनीने २०१२-१३ मध्ये सर्वाधिक सरासरी गुण मिळवले आणि संघाने ५४ सामने जिंकले, पण त्याच्या तिथल्या सर्व वर्षांत निक्सने प्लेऑफची एकच मालिका जिंकली. खरेदीदाराची फसगत झाली म्हणून विकणाऱ्याचा फायदा झाला असे मात्र आपोआप ठरत नाही. टोरंटोने लेनर्डला घेऊन २०१९ चे विजेतेपद जिंकले आणि त्याच उन्हाळ्यात तो क्लिपर्सकडे निघून गेला. तरीही तो सौदा टोरंटोसाठी उत्तम होता, आणि तो सॅन अँटोनियोच्या खर्चाने झाला असेही नाही, कारण स्पर्सकडे तसा लेनर्ड उरलाच नव्हता. योगायोग असा की टोरंटोच्या बाजूने तो सौदा करणारेही उजिरीच होते.

ड्राफ्ट निवडींचा हिशेब सर्वांत उशिरा होतो आणि त्यात फसायलाही सर्वांत जास्त होते. २०१६ मध्ये डेन्व्हरने क्रम बदलण्याचा हक्क वापरला, नवव्याऐवजी सातवा क्रमांक घेतला आणि जमाल मरेला निवडले, जो २०२३ च्या विजेत्या संघाचा दुसरा आधारस्तंभ होता. यावरून ‘अँथनी देऊन मरे मिळाला’ असे म्हटले जाते. ते निम्मेच खरे आहे. त्या हक्काने दोन पायऱ्या मिळाल्या; मरे नवव्या क्रमांकापर्यंत उरला असता की नाही हे कोणी सांगू शकत नाही, आणि सातव्या क्रमांकावर त्यालाच निवडणे हे वेगळ्या व्यवस्थापनाचे श्रेय आहे. त्या संघाचा मुख्य खेळाडू निकोला योकिच तर २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर आला. त्याचा या सौद्याशी संबंध जोडू नये. नवव्या क्रमांकाची ती निवड निक्सच्या आणखी एका जुन्या व्यवहारातून टोरंटोकडे गेली होती आणि तिच्यावर टोरंटोने पोल्टलला घेतले, जो दोन वर्षांनी लेनर्डच्या सौद्यात सॅन अँटोनियोला पोहोचला.

सॅन अँटोनियोत डीरोझनसह संघ २०१८-१९ मध्ये ४८-३४ असा राहिला, आणि पुढच्याच हंगामात सलग २२ वर्षांची प्लेऑफची परंपरा तुटली. त्यानंतर मात्र संघाने मिळालेल्या वस्तू चांगल्या हाताळल्या. डीरोझन शिकागोला जाताना तिथली एक संरक्षित निवड आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोल्टल टोरंटोला परत गेला तेव्हा आलेली निवड २०२४ मध्ये आठवी ठरली, ती मिनेसोटाला देऊन २०३१ ची निवड घेतली गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डिआरन फॉक्सला आणताना शिकागोची व मिनेसोटाची या दोन्ही निवडी खर्ची पडल्या. अशी साखळी रंगवून सांगायला फार मजा येते, पण प्रत्येक कडीवर नवे लोक नवा निर्णय घेत असतात. माझा नियम असा आहे की मूळ सौद्याच्या खात्यात पहिल्या विक्रीपर्यंतचीच जमा धरावी. लेनर्डच्या नावापुढे म्हणून मी डीरोझनचे तीन हंगाम, पोल्टलची साडेचार वर्षे, जॉन्सन आणि डीरोझन व पोल्टल यांच्या जाण्यातून आलेल्या निवडी एवढेच लिहीन, आणि फॉक्सचा रकाना वेगळा ठेवीन.