साताऱ्यातून हिमनदीच्या अभ्यासाकडे

हिमनदीच्या अभ्यासात करिअर करायचं म्हटलं की आपल्याकडची मुलं आधीच बिचकतात. बर्फ बघितलेला नाही, हे पहिलं कारण. माझी भूगोलाची पदवी साताऱ्यातलीच, आणि मी खात्रीने सांगते, या विषयाचा गाभा आपल्या भागातल्या पोरांना लवकर कळतो. पावसाळ्यात घरोघरी कोयनेची आवक किती, विसर्ग किती, टीएमसी किती झालं, हेच बोलणं चालू असतं. हिमनदीचा हिशेबही असाच मांडतात. वरच्या भागात हिमाची आवक, खालच्या भागात वितळून जाणारं पाणी, आणि वर्षाअखेरीस दोन्हींतला फरक. याला वस्तुमान संतुलन म्हणतात. हे पक्कं करा, मग बाकीचं वाचा.

ताजं भुसभुशीत हिम घनमीटरला जेमतेम 50 ते 100 किलो भरतं. उन्हाळ्यात जे वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचे थर बसतात. दाबाखाली कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात, मधली हवा बाहेर पडते. किमान एक उन्हाळा टिकलेल्या अशा दाणेदार हिमाला फर्न म्हणतात. घनता 830 किलोच्या आसपास पोचली की हवेच्या वाटा बंद होतात, उरलेली हवा बुडबुड्यांत अडकते आणि हिमनदीचा बर्फ तयार होतो. वितळलेलं पाणी आत मुरून पुन्हा गोठतं तिथे हे लवकर घडतं. अंटार्क्टिकाच्या आतल्या कोरड्या थंडीत शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षं लागतात.

थर पुरेसा जाड झाला की बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराकडे वाहू लागतो. हे वाहणं दोन प्रकारे होतं. एक म्हणजे आतले स्फटिक दाबाखाली हळूहळू आकार बदलतात. दुसरं, तळाशी पाणी असेल तर सगळा बर्फ खडकावरून घसरतो. वरचे 30 ते 50 मीटर मात्र ठिसूळच राहतात, म्हणून हिमभेगा तिथेच पडतात. काठापेक्षा मधला भाग जास्त वेगाने सरकतो. लुई आगासिझ या शास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर खुंट रोवून हे मोजलं. ग्रीनलंडमधली याकोब्सहावन हिमनदी 2012 च्या उन्हाळ्यात दिवसाला 40 मीटरपेक्षा जास्त धावत होती. हिमालयातल्या बहुतेक हिमनद्यांना तेवढं अंतर कापायला वर्ष लागतं किंवा त्याहूनही जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘गंगोत्री मागे हटतेय’ अशी बातमी आपण वाचतो. पण बर्फ मागे जात नाही, तो कायम खालीच वाहतो. वरून येतो त्यापेक्षा जास्त बर्फ खाली वितळला की हिमनदीचं टोक वर सरकतं, एवढाच त्याचा अर्थ. तोंडी परीक्षेत मला यावरच सर्वांत जास्त प्रश्न आले.

प्रकार पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. डोंगराच्या कुशीतल्या खळग्यात बसलेली सर्क हिमनदी, सियाचीन किंवा गंगोत्रीसारखी दरीतली, दरीतून बाहेर पडून सपाटीवर पसरलेली गिरिपाद, जसं अलास्कातलं मालास्पिना. आणि खंडीय हिमस्तर, जे आज फक्त अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडमध्ये आहेत. याहून उपयोगी वर्गीकरण तापमानाचं आहे. तळाचा बर्फ खडकाला गोठून चिकटलेला आहे की वितळणबिंदूवर आहे, यावर हिमनदी घसरणार की नाही हे ठरतं.

महाराष्ट्रात कधी हिमनदी नव्हती, असंही समजू नका. चंद्रपूर भागातले तालचीर खडक सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगाचे आहेत. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे त्यापुढे बराच तरुण. विद्यार्थ्यांनी चंद्रपूर एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं.

पदवीनंतर भूगोल, भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात एमएस्सी करा आणि नेट किंवा गेट द्या. डेहराडूनची वाडिया संस्था, गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, दिल्लीचं जेएनयू इथे हे काम चालतं. स्पितीत 4000 मीटरच्या वर ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र 2016 पासून आहे. सज्जनगड, अजिंक्यतारा रोज चढून दम वाढतो, पण विरळ हवेची सवय तिथे जाऊनच होते. त्यामुळे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक कोर्स आधी करून घ्या.

फील्डवर जायची संधी मिळेपर्यंत घरी बसून शिकता येतं. लँडसॅट आणि सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं मोफत आहेत, ती नकाशावर मांडायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही मोफत. चित्र सप्टेंबरचं घ्या, तेव्हा हंगामी हिम सर्वांत कमी असतं आणि हिमनदीची खरी कड दिसते. दगडगोट्यांनी झाकलेल्या भागाची कड ओळखणं सगळ्यात कठीण, त्यावर जास्त वेळ द्या. सुरुवात लाहौलमधल्या छोटा शिगरीपासून करा. तिचं वस्तुमान संतुलन 2002 पासून मोजलं जातं, त्यामुळे तुमचं काम ताडून बघायला प्रसिद्ध झालेली मोजमापं हाताशी असतात.