जुना मेटल डिटेक्टर अजून कामाचा आहे का? अर्ध्या दिवसात असं तपासा

मागच्या फाल्गुनात मोहोळ तालुक्यातल्या आमच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती. दिवसभर ताटं उपटून संध्याकाळी हातपाय धुताना वहिनीच्या लक्षात आलं, बोटात अंगठी नाही. रात्री मला सोलापुरात फोन आला, "ओ भाऊजी, तुमचं ते माळ्यावरचं मशीन आणा की उद्या. चालतंय का ते अजून?"

ते मशीन म्हणजे सतरा वर्षांपूर्वी जुन्यातच घेतलेला मेटल डिटेक्टर. तीन गोल बटणं, एक काट्याचा मीटर, स्क्रीन नाही. पाच वर्षं त्याला हात लावला नव्हता. वहिनीचाच प्रश्न त्यानंतर मला बऱ्याच जणांनी विचारला. कुणाच्या घरी काकांनी आणून ठेवलेलं मशीन असतं, कुणाला जुनं स्वस्तात मिळत असतं. माझं उत्तर एकच आहे: मशीन कोणत्या सालचं आहे हे फारसं बघू नका. कॉइल (दांडीच्या खालच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची तबकडी) धड आहे का, तुमची माती कशी आहे आणि तुम्हाला शोधायचं काय आहे, यावर सगळं ठरतं. आणि हे तिन्ही स्वतः तपासता येतं.

तत्त्व जुनंच आहे. कॉइलमधल्या एका वेटोळ्यातून बदलती वीज जाते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जवळ धातू आला की त्यात प्रवाह उमटतो आणि दुसरं वेटोळं तो पकडतं. आजच्या महागड्या मशीनमध्येही हेच होतं. नव्यांत सुधारला तो पकडलेल्या इशाऱ्याचा अर्थ लावणारा भाग.

सेलचा कप्पा आधी उघडा

माझ्या मशीनमध्ये सेल तसेच राहिले होते. झाकण उघडलं तर पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवट पापडी. जुन्या मशीनचा हा सगळ्यात नेहमीचा आजार आहे आणि बहुतेक वेळा बरा होतो. अल्कलाइन सेल गळले असतील तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पापडी विरघळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने हलकी घासा. हाताला ते लागू देऊ नका, डोळ्याला तर नाहीच. पट्टी गंजून तुटली असेल तर नवी बसवता येते. पापडी सर्किटपर्यंत पोचली असेल तर मात्र खर्च करण्याआधी विचार करा.

सेल नवे घाला. रिचार्जेबल सेल दीड ऐवजी १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे चार सेलांचे ६ ऐवजी ४.८ व्होल्ट होतात. बरीच मशीनं त्यावर चालतात, काही लवकरच "बॅटरी संपली" म्हणून ओरडतात. तपासणीपुरते साधे नवे सेलच वापरा, म्हणजे दोष कुणाचा याचा घोळ होत नाही.

कॉइल आणि केबल

मशीनचा जीव कॉइलमध्ये. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. त्यात वर्षानुवर्षांची माती साठलेली असते आणि आपल्याकडच्या मातीत लोहाचे कण असल्याने ती मातीच खोटे आवाज देते. धुऊन, वाळवून परत बसवा. कॉइलला तडा आहे का ते उजेडात धरून पाहा. तड्यातून ओल शिरली की दवात मशीन वेड्यासारखं बोलतं.

मग कॉइल प्लास्टिकच्या स्टुलावर स्थिर ठेवा, मशीन चालू करा आणि केबल थोडी थोडी हलवत जा. कॉइलमधून जिथे बाहेर येते तिथे आणि खोक्याच्या सॉकेटपाशी नीट लक्ष द्या. खर्र खर्र आलं तर तिथे तार तुटत आली आहे. सॉकेटकडचा दोष एखादा साउंड सिस्टिम दुरुस्त करणारा तासाभरात काढतो, आणि मिरवणुकांच्या सोलापुरात असे कारागीर कमी नाहीत. कॉइलच्या आतला दोष मात्र सहसा दुरुस्त होत नाही, कारण ती रेझिनमध्ये गच्च ओतलेली असते.

म्हणून जुनं मशीन विकत घ्यायचं असेल तर किंमत विचारण्याआधी विचारा, त्याची कॉइल आज मिळते का. टेसोरो ही अमेरिकन कंपनी २०१८ मध्ये बंद झाली, व्हाइट्स २०२० मध्ये. दोघांचीही मशीनं उत्तम होती, आजही लोक जपून वापरतात. पण कॉइल गेली तर मागे कंपनी उभी नाही.

हवेतली चाचणी: पलंगावर नको

१८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं यंत्र करून शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला. तो फसला. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं, हे त्याचं एक कारण सांगतात. आजही लोक लोखंडी कॉटवर मशीन ठेवतात आणि "सारखं वाजतंय, बिघडलंय" म्हणून मोडीत काढतात.

अंगणात या. घड्याळ, बांगड्या, अंगठी काढा. मोबाइल लांब ठेवा. कॉइल जमिनीपासून वर, स्टुलावर. आता एकेक वस्तू कॉइलसमोरून फिरवा: एक रुपयाचं नाणं, पितळी पाच रुपयांचं नाणं, सोन्याची अंगठी, खिळा, गुटख्याच्या पुडीचा चकाकता तुकडा. किती अंतरावर आवाज येतो ते पट्टीने मोजून लिहून ठेवा.

एक रुपयाचं नाणं फसवतं. हल्लीचं एक रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं आहे, त्यामुळे लोखंड गाळायचं बटण वर असेल तर मशीन त्याला खिळाच समजून गप्प बसतं. ते पाहून मशीन खराब ठरवू नका. पाचच्या नाण्यावर पाहा. आणि सोन्याची बारीक अंगठी व ॲल्युमिनियमचा कागद जवळजवळ सारखाच आवाज देतात. हे नव्या मशीनलाही पूर्ण सुटलेलं नाही. सोनं हवं असेल तर कागदही उकरावे लागतात.

खरी परीक्षा काळ्या मातीत

हवेत एक फुटावरून वाजणारं मशीन रानात चार बोटांवर मुकं होऊ शकतं. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट असतं. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या वाळूत फिरवा. पिशवीवर काळ्या कणांची लव उभी राहील. डिटेक्टरला ही सगळी लव दिसत असते, आणि त्यातून त्याला तुमचं नाणं वेगळं काढायचं असतं.

म्हणून आपल्याच रानात, धातू नसलेल्या जागी, पाचचं नाणं आणि एखादी अंगठी दोन, चार आणि सहा इंचांवर पुरा. अंगठीला लांब दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक वर ठेवा, नाहीतर चाचणीतच अंगठी गमवाल. आता मशीन मातीशी जुळवून घ्या. ग्राउंड बॅलन्सचं बटण असेल तर कॉइल जमिनीपासून फूटभर वर आणि दोन इंचांपर्यंत खाली अशी पंपासारखी हलवा आणि वर-खाली दोन्हीकडे आवाज सारखा येईपर्यंत बटण थोडं थोडं फिरवा. हे बटण असलेलं पंचवीस वर्षांचं मशीन मी, हे बटण नसलेल्या स्वस्त नव्या मशीनपेक्षा, सोलापूरच्या मातीत पसंत करीन. कारखान्यातच ठरवून दिलेला बॅलन्स असणारी मशीनं मुरमात आणि काळ्या रानात बडबडतात.

बडबड वाढली की माणूस सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक इशारा पकडायची ताकद, वाढवत नेतो. उलट करा. निम्म्यापेक्षा थोडी वर ठेवा. आवाज स्वच्छ झाला की खोलवरचा बारीक इशाराही ऐकू येतो. कॉइल "डीडी" प्रकारची, म्हणजे आत इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी असलेली, असेल तर अशा मातीत तिला जास्त जमतं. जुन्या मशीनना बहुधा गोल कॉन्सेंट्रिक, म्हणजे एका वेटोळ्याच्या आत दुसरं वेटोळं असलेली, असते, तिच्यावर थोडा धीर धरावा लागतो.

वहिनीच्या अंगठीला हे सगळं लागलं. फाल्गुनात रान वाळून भेगाळलेलं असतं, दोन-दोन बोटं रुंद भेगा. आपली माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून फाटते; वर पडलेली वस्तू भेगेत खाली जाते आणि पहिल्या पावसाने भेग मिटली की ती गेलीच. म्हणून रानात काही हरवलं तर पावसाची वाट पाहू नका. मी गाळणी शून्यावर ठेवली, हेडफोन लावला आणि वहिनीने ज्या ओळी उपटल्या होत्या त्याच घेतल्या. पहिला तासभर फक्त खिळे, तार, रोटाव्हेटरच्या पात्याचा तुकडा. मग एका भेगेवर बारीक, पण डावीकडून-उजवीकडून सारखा आवाज. खुरप्याने भेगेची कड हळू ढासळवली. चार बोटं खाली अंगठी आडवी नव्हती, उभी अडकली होती, म्हणून आवाज एवढा बारीक. वहिनी काही बोलली नाही, पदराने पुसून बोटात घातली आणि परत ताटं उपटायला लागली.

वीज आणि झटका मशीन

जुन्या मशीनना विजेचा त्रास जास्त होतो. डीपीजवळ, वरून मोठी लाइन गेलेल्या बांधावर आवाज नाचतो. आणि दर सेकंदाला "टिक, टिक" येत असेल तर आसपास डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन शोधा. कुंपणात ते ठोके सोडतं, डिटेक्टर ते ऐकतो. शेजाऱ्याला विनंती करून तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा. रानातली थ्री-फेज लाइट नसते ती वेळ शोधायला सगळ्यात चांगली.

शोधताना

सुतळीने पट्टे पाडा. कॉइल जमिनीला समांतर ठेवा, टोकाला वर उचलू नका आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा. एका बाजूने वाजलं, दुसऱ्या बाजूने नाही, तर बहुधा गंजकं लोखंड. दोन्हीकडून वाजलं तर नव्वद अंशात फिरून परत पाहा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खणा. टिकाव घालू नका, खुरपं पुरे. माती बारदानावर काढा आणि खड्डा भरा.

कशासाठी ठेवावं

हरवलेली अंगठी, मातीखाली गेलेला लोखंडी व्हॉल्व्ह, जुनी जीआय पाइप, कडब्यातली तार यासाठी जुनं मशीन पुरेसं आहे. पीव्हीसी पाइप कुठलंच डिटेक्टर दाखवणार नाही, तिथे फक्त लोखंडी-पितळी जोड शोधता येतात. कडब्याचं मला विशेष सांगावंसं वाटतं. पेंढीतली तार गाईच्या पोटात जाते आणि तिथून काळजापर्यंत टोचू शकते. कुट्टी करण्याआधी संशय असलेल्या पेंढ्यांवरून कॉइल फिरवायला दहा मिनिटं लागतात. जुन्या वाड्याचं सागवान वखारीत करवतीखाली घालण्याआधीही तसंच करा. आत तुटलेला एक खिळा पातं घालवतो.

बारीक नथ, चमकीएवढं सोनं, पाण्याखालचं काम यात जुनं मशीन मागे पडतं. त्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, पाणी न शिरणारं नवं मशीन घ्या. शंभर फुटांवरचं सोनं दाखवणाऱ्या दोन अँटेनावाल्या रॉडवर मात्र एक रुपयाही घालू नका. साध्या कॉइलला नाणं साधारण कॉइलच्या रुंदीइतकं खोल सापडलं तरी चांगलं म्हणायचं, हे एकदा हातात घेऊन पाहिलं की त्या जाहिरातींतलं खोटं आपोआप कळतं.

आणि गुप्तधनासाठी मशीन मागायला येणाऱ्यांना मी देत नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला संरक्षित आहे, तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. हत्तरसंग कुडलसारख्या ठिकाणी, जिथे शके ९४० चा मराठी शिलालेख सापडला, जमिनीतला प्रत्येक तुकडा जागच्या जागी राहिला तरच त्याला अर्थ असतो. तुमच्या स्वतःच्या रानात पुरलेलं मोलाचं काही निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

पैसे घालायचे का

हवेत पाचचं नाणं सात-आठ इंचांवर आणि मातीत चार इंचांवर दोन्ही बाजूंनी स्वच्छ वाजत असेल, केबल हलवल्यावर खर्रखर्र नसेल, तर मशीन ठेवा आणि वाचलेल्या पैशात एक चांगला हेडफोन आणि हातातला छोटा पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर) घ्या. रानातली निम्मी खणाखणी पिनपॉइंटरने वाचते. मातीत दोन इंचांवरही गप्प असेल तर दुसऱ्याच्या मशीनची कॉइल लावून एकदा पाहा. तरीही गप्प असेल तर त्यात पैसे घालू नका.

काम झालं की सेल काढून ठेवा. माझं मशीन आता माळ्यावर नाही, मोहोळच्या घरात दाराआड खिळ्याला टांगलेलं असतं, आणि सेल वहिनीच्या मसाल्याच्या डब्याशेजारी वेगळ्या डबीत.