ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचं ट्रोम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण 960 किलोमीटर आहे. म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा कमी. तरीही या प्रवासाचे अंदाज हमखास चुकतात, आणि पहिली चूक नकाशापाशीच होते.

आपण भिंतीवर किंवा मोबाइलवर पाहतो तो सपाट नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात ध्रुवाकडे जावं तसतसं सगळं ताणलं जातं. 70 अंश अक्षांशावर हा ताण सुमारे तिप्पट होतो, 78 अंशांवर जवळपास पाचपट. त्यामुळे या नकाशावर ट्रोम्सो-लाँगइयरब्येन ही रेघ मुंबई-दिल्लीच्या पावणेतीन पट लांब दिसते! पट्टी लावून अंतर काढू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, खरं अंतर लगेच कळेल.

गणित करणारेही फसतात. अक्षांशाचा एक अंश कुठेही सुमारे 111 किलोमीटरच असतो, पण रेखांशाचा अंश मुंबईत 105 किलोमीटर, तर लाँगइयरब्येनला जेमतेम 23. दोन्ही सारखेच धरून पायथागोरस लावला, तर उत्तर 1,025 किलोमीटरच्या आसपास येतं. गोलाकार पृथ्वीसाठी असलेलं हॅवरसाइन सूत्रच वापरा.

वेळेचं काय? 960 भागिले ताशी 800, म्हणजे सव्वा तासात पोहोचलो, असं होत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, वेग कमी करत उतरणं हे सगळं धरून वेळापत्रकात सुमारे एक तास चाळीस मिनिटं दिलेली असतात. दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे तिथे तास वजा करत बसू नका.

हवामान मात्र गंभीरपणे घ्या. धुकं किंवा वारा फारच असेल, तर विमान न उतरता परत मुख्य भूमीकडे वळू शकतं. जवळपास जेट उतरेल असं दुसरं प्रवासी विमानतळ नाही. परतीच्या दिवशीच ऑस्लोहून भारताचं विमान धरायचं, हा बेत मी कुणालाही सुचवणार नाही. मध्ये एक रात्र ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक अंतराशी संबंधितच नाही. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. तिथे राहायला व्हिसा लागत नाही. तिथवर जायला मात्र शेंगेनमधूनच जावं लागतं. विमानात बसताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. भारतीय पासपोर्टवर एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचा रस्ताच बंद होतो. अर्ज भरतानाच दोन किंवा अधिक प्रवेशांचा मागा. ‘देशांतर्गत विमान आहे’ म्हणून पासपोर्ट मुख्य सामानात टाकू नका, तपासणी होतेच. तिला वेळ लागतो, म्हणून पुढचं विमान फार जवळचं घेऊ नका.

भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र 2008 पासून स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंडला आहे. लाँगइयरब्येनपासून ते हवाई मार्गाने जेमतेम 110 किलोमीटर, म्हणून गाडीने जाऊ असं कुणी ठरवतं. रस्ताच नाही. छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं, पण ती विमानं प्रामुख्याने तिथे काम करणाऱ्यांसाठी असतात. पर्यटक बहुतेक उन्हाळ्यात बोटीनेच जातात.