घरगुती पवनचक्कीचा चुंबकीय ब्रेक: या चुका टाळा

नागपुरात एरवी वारा मंदच. त्यामुळे गच्चीवर छोटी पवनचक्की बसवणाऱ्यांचं सगळं लक्ष पाती फिरण्याकडे असतं. ब्रेक शेवटी, उरल्यासुरल्या सामानातून होतो. मग मे महिन्यात वादळ सुटतं आणि पाती आवरत नाहीत.

मोठा गैरसमज म्हणजे हा ब्रेक चक्की पूर्ण थांबवतो. चक्कीच्या दांड्यावरची धातूची चकती चुंबकांसमोरून फिरते तेव्हाच तिच्यात भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात आणि तेच तिला मागे ओढतात. हाताने सावकाश फिरवून बघा, काहीच जाणवत नाही. गरकन फिरवा, काकवीत फिरल्यासारखी जड लागते. वेग शून्य तर ओढही शून्य. म्हणून दुरुस्तीला वर चढण्याआधी लोखंडी खिटी घालून चक्की अडकवाच, यात तडजोड नको.

चकती लोखंडाची घेऊ नका. चुंबक तिला खेचून घेतात, बेअरिंगवर ताण येतो. अॅल्युमिनियम किंवा तांबं घ्या. लोखंडी पट्टी चुंबकांच्या पाठीमागे लावा. शेजारचे ध्रुव आलटूनपालटून हवेत, चिकटवण्याआधी मार्करने खुणा करा.

खरा घात उष्णतेने होतो. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनात वाढते: सेकंदाला 12 मीटरचा वारा 20 वर गेला की साडेचार पटींहून जास्त. ब्रेकने शोषलेली शक्ती चकतीत उष्णता होऊन उतरते. 25 सेंटीमीटर व्यासाची, 6 मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची चकती जेमतेम 800 ग्रॅमची. एक किलोवॉट तिच्यात गेला तर मिनिटभरात तापमान साधारण 80 अंशांनी चढतं. आपल्याकडे नवतपात हवाच 45 अंशांवर असते! साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांपुढे कायमचे कमजोर होऊ लागतात. थोडे पैसे जास्त गेले तरी 150 अंश सोसणारे एसएच दर्जाचे घ्या. चकती मोठी ठेवा, तिला वारा लागू द्या.

वादळात वीज जाते, हे धरूनच रचना करा. चुंबक विजेने दूर धरलेले असावेत आणि वीज जाताच स्प्रिंगने चकतीजवळ यावेत.

ब्रेक गार असताना चांगला, तापल्यावर ढिला वाटला तर आधी चकती निवू द्या. तापलेल्या धातूचा विद्युतरोध वाढतो, भोवरी प्रवाह कमी होतात, म्हणून ओढ घटते. निवल्यावरही ढिला राहिला तर चकती आणि चुंबकांमधली फट मोजा. फट पहिल्याइतकीच असेल, तर चुंबक बदला.