पावसातली स्टेज रेस: आधी बोटं सांभाळा, पायांचं नंतर बघू

सलग तीन-चार दिवसांची सायकल रेस आहे (रोजचा टप्पा म्हणजे एक स्टेज), फोरकास्टमध्ये रोज पाऊस दाखवतोय आणि तुम्ही विचार करताय की चाकं कुठली लावू. चाकांचं नंतर बघू, आधी हातांचं बघा. हे मनापासून सांगतोय, कारण पावसात रेस सोडणारे बरेच जण पाय संपले म्हणून सोडत नाहीत, बोटं चालेनाशी होतात म्हणून सोडतात. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय कळत नाही, गिअर बदलायला अख्खा तळहात लावावा लागतो, खायच्या एनर्जी जेलचं पाकीट फाटत नाही, जॅकेटची झिप लागत नाही, मग खाणं बंद, मग अजून थंडी, आणि तासाभरात चांगला तयारीचा रायडर रस्त्याच्या कडेला कुडकुडत उभा.

माझ्या बाबतीत हे झालंय. दुसऱ्या दिवसाची स्टेज होती, चढ संपला तेव्हा मी पुढच्या ग्रुपमध्ये होतो, जॅकेट मागच्या खिशात होतं, आणि वाटलं की आता घालत बसलो तर पुढच्याचं व्हील सुटेल, म्हणजे त्याच्या आडोशाला राहता येणार नाही, उतार काय दहा-पंधरा मिनिटांचाच आहे. अर्ध्या उतारावर माझी बोटं ब्रेकवर होती पण ती माझी आहेत असं वाटत नव्हतं. ग्रुप गेला तो गेलाच, नंतरच्या सपाट रस्त्यावरही दात वाजत होते, आणि त्या दिवशी जीसीमध्ये, म्हणजे सगळ्या दिवसांच्या एकूण वेळेत, जेवढी मिनिटं गमावली ती उरलेल्या दिवसांत भरून निघाली नाहीत. वीस सेकंदांचं जॅकेट वाचवायला गेलो होतो.

मोठ्या रेसमध्येही हेच झालेलं आहे. १९८८ च्या जिरो दि इटालियामध्ये (इटलीतली मोठी स्टेज रेस) ५ जूनला गाव्हियाच्या घाटात बर्फ पडत होता, २६०० मीटरच्या वरचा घाट. योहान व्हॅन डर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या पुढे माथ्यावर पोचला आणि उतारावर असा गारठला की त्याला थांबून आसरा घ्यावा लागला, स्टेज संपेपर्यंत पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. अँडी हॅम्पस्टनच्या टीमने मात्र आधीच स्कीइंगचे गरम कपडे आणि ग्लोव्हज जमवून ठेवले होते, तो त्या दिवशी एरिक ब्रॉयकिंकच्या मागे दुसरा आला, एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची गुलाबी जर्सी घेतली आणि तो जिरो जिंकला. आणि त्या काळचा अव्वल रायडर बर्नार इनो, त्याने १९८० ची लिएज-बास्तोन-लिएज ही बेल्जियमची एक दिवसाची रेस बर्फात जिंकली, फक्त २१ जण पूर्ण करू शकले, पण त्याच्या दोन बोटांना गारठ्याने कायमची इजा झाली. म्हणजे तेवढ्या ताकदीच्या माणसाचीसुद्धा बोटंच गेली.

तर कपडे. ओल्या कपड्यात अंगातली उष्णता भराभर जाते, पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं, त्यात ताशी ४०-५० च्या स्पीडचा वारा. म्हणून पूर्ण कोरडं राहायचा नाद सोडा, दोन तासांच्या पावसात कोणीच कोरडं राहत नाही, ओलं असूनही ऊब टिकली पाहिजे एवढंच बघायचं. अंगाला चिकटून बसणारा मेरिनो किंवा चांगला सिंथेटिक बेसलेयर (सगळ्यात आतला बनियन), कॉटन अजिबात नको. हाताला पातळ निओप्रीनचे ग्लोव्हज, ते आतून ओले होतात पण पाण्याचा पातळ थर अंगाच्या ऊबेने गरम राहतो, डायव्हिंगच्या सूटसारखं. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारे जाड ग्लोव्हज आत पाणी शिरलं की जड होतात, आणि एकदा काढले तर ओल्या हाताने परत चढत नाहीत, अस्तर बाहेर येतं, बोटं आत कुठेतरी अडकतात. ग्लोव्हजच्या दोन जोड्या ठेवाच, दुसरी झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत मागच्या खिशात किंवा सपोर्ट गाडीतल्या बॅगेत. आणि खूपच थंडी असेल तर निओप्रीनच्या आत डॉक्टर वापरतात तसले पातळ रबरी ग्लोव्हज घाला, दिसायला कसेही दिसोत, काम करतात.

साधारण १५ अंशांच्या खाली गुडघे झाकायचे, यात मी तडजोड करत नाही. पायाला लावायचं गरम क्रीम फक्त कातडीला गरम वाटवतं, आतला स्नायू त्याने गरम होत नाही, तेव्हा ते गुडघे झाकणाऱ्या नी वॉर्मरऐवजी नाही. लावलंत तर बिब (पट्ट्यांची सायकलिंगची चड्डी) घातल्यावर लावा आणि हात साबणाने धुवा, नाहीतर डोळे चोळल्यावर कळेल. हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली पातळ कॅप, त्याने पाणी डोळ्यात येत नाही. चष्म्याची काच क्लिअर. जॅकेट घातल्यावर नंबर झाकला जातो ही बारीक गोष्ट वाटते पण कॉमिसेअर (रेसचे पंच) त्यावरून पेनल्टी देऊ शकतात, म्हणून पारदर्शक जॅकेट घ्या किंवा जॅकेटवर नंबर लावायचा का ते ब्रीफिंगलाच विचारून घ्या.

आणि जॅकेट कधी घालायचं? माथ्याच्या आधी. शेवटच्या पाचशे-सातशे मीटरमध्ये, जिथे स्पीड कमी आहे आणि अंग अजून गरम आहे तिथे. माथ्यावर पोचून वारा लागल्यावर झिप शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. चालत्या सायकलवर ओल्या ग्लोव्हजने जॅकेट घालायची घरी प्रॅक्टिस करा, खरंच करा, रिकाम्या रस्त्यावर दहा वेळा. झिपला दोरीचा छोटा फास बांधून ठेवला की जाड बोटांनाही ओढता येतो.

सायकलचं थोडक्यात. २८ मिमीचे टायर बसत असतील तर तेच लावा, हवा नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी, ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून पंक्चर होते. टायरवरची नक्षी बघत बसू नका, सायकलच्या अरुंद टायरला पकड रबराने मिळते. चेनला वेट ल्यूब (पावसात टिकणारं तेल), आदल्या रात्री लावून जास्तीचं पुसून. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारा) असेल तर पहिल्या क्षणी फक्त पाणी पुसलं जातं, ब्रेक नंतर लागतो, कार्बन रिमवर तर अजून उशिरा, म्हणून वळण यायच्या आधीच हलका ब्रेक धरून रिम कोरडी करून घ्यायची. डिस्क ब्रेक ओरडतात पण थांबवतात, फक्त पॅड चिखलात फार पटकन झिजतात, नवीन जोडी सोबत असू द्या.

आता चालवायचं कसं. कोरड्या दिवसांनंतर पाऊस सुरू झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा कोणी अटॅक केला तर जाऊ द्या. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, जाळ्या, पुलाचे जॉइंट, ओली पानं, यांच्यावरून जावंच लागलं तर सरळ जा, तिथे वळू नका आणि ब्रेक दाबू नका. डबक्याखाली खड्डा आहे असंच धरून चाला. ब्रेकिंग सगळं वळणाच्या आधी, सरळ रेषेत, मग ब्रेक सोडून बाहेरच्या पेडलवर वजन टाका आणि नजर जिथे बाहेर पडायचंय तिथे. समोरच्या चाकाकडे बघत वळलात तर तो पडला की तुम्ही पडलात. खांदे सैल ठेवा, हँडल घट्ट आवळलं की सायकलचा छोटासा घसराही मोठा होतो. चढावर शक्यतो बसूनच मारा, उभं राहिलं की मागचं चाक घसरून जागच्या जागी फिरतं.

ग्रुपमध्ये पहिल्या १५-२० मध्ये राहायचा प्रयत्न करा. त्याला ताकद लागते हे खरं, पण मागे राहण्याला जास्त लागते, पावसात प्रत्येक वळणावर ग्रुप रबरासारखा ताणला जातो, पुढचे हळू घेऊन निघून जातात आणि शेवटच्याला दर वेळी स्प्रिंट मारावी लागते, शिवाय जो पडेल तो तुमच्या पुढेच पडेल. पुढच्याच्या अगदी मागे न राहता किंचित बाजूला राहिलात तर तोंडावर उडणारं पाणी कमी होतं, मात्र चाकाला चाक ओव्हरलॅप होऊ देऊ नका.

स्टेज रेसचं गणित वेगळं असतं हे डोक्यात पक्कं ठेवा. एका उतारावर वीस-तीस सेकंद गेले तर ते उद्या परवा मिळू शकतात, पडलात तर उद्या परवाच राहत नाही. यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमात सपाट स्टेजच्या शेवटच्या ठरावीक, साधारण ३ किलोमीटरमध्ये पडलं किंवा पंक्चर झालं तर ज्या ग्रुपमध्ये होतात त्याचा वेळ मिळतो, पण हौशी रेसमध्ये तो नियम असेलच असं नाही, आणि टाइम कट (किती मागे पडलं की रेसमधून बाद) किती आहे तेही दर ठिकाणी वेगळं, रेसची नियमपुस्तिका म्हणजे टेक्निकल गाइड वाचल्याशिवाय स्टार्टला उभे राहू नका.

खाणं थंडीत विसरलं जातं. तहान लागत नाही, हात खिशाकडे नेणं नको वाटतं. घड्याळाला दर २० मिनिटांचा अलार्म लावा, तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बचं टार्गेट नेहमीसारखंच, आणि पाकिटं सकाळीच थोडी फाडून ठेवा, बोटांचा तोच प्रश्न. पहिल्या बाटलीत कोमट ड्रिंक भरा. बाटलीच्या तोंडावर झाकण असू द्या, कारण रस्त्यावरचा चिखल, शेण, सगळं उडून तिथेच बसतं, प्यायच्या आधी थोडी पिचकारी बाहेर मारा. पोट बिघडलं की चार दिवसांची रेस दुसऱ्याच दिवशी संपते, हे मी बऱ्याच जणांचं होताना बघितलंय.

थांबायचं कधी, हे आधीच ठरवून ठेवा कारण तेव्हा डोकं नीट चालत नसतं. कुडकुडणं चालू आहे तोवर अंग लढतंय. थंडी तेवढीच असून कुडकुडणं बंद झालं, जीभ जड झाली, बोलणं अडखळायला लागलं, साधा गिअरही कुठला ते सुचेना, तर उतरा, तिथेच, मदत मागा. शेजारच्या रायडरचं असं दिसलं तर त्याला थांबवा, तो नाही म्हणेल तरी. ओले कपडे काढून कोरडं पांघरूण, शुद्धीत असेल तर गोड गरम काहीतरी प्यायला, हात चोळायचे नाहीत, आणि बधिर हात कडक पाण्यात घालायचे नाहीत, भाजलेलं कळत नाही. प्रोफेशनल रेससाठी यूसीआयने २०१६ पासून खराब हवामानाचा प्रोटोकॉल आणलाय, आणि त्याआधी २०१३ च्या मिलान-सानरेमो या इटलीतल्या रेसमध्ये बर्फामुळे रायडर्सना बसमध्ये बसवून पुढे नेलं होतं. जगातले सगळ्यात तगडे रायडर बसमध्ये बसले, तर तुम्ही गाडीत बसलात म्हणून काही बिघडत नाही.

फिनिशनंतरचे दोन तास हा स्टेजचाच भाग समजा. फिनिशला बॅग पाठवता येत असेल तर त्यात टॉवेल, कोरडी टोपी, मोजे, जाड जॅकेट आणि थर्मासमध्ये गरम ड्रिंक. गप्पा, रिझल्ट, फोटो सगळं नंतर, पहिल्या दहा मिनिटांत ओलं काढून कोरडं अंगावर. ओल्या बिबमध्ये बसून राहिलात तर बैठकीला फोड येतात आणि मग उरलेले दिवस सीटवर बसणं नकोसं होतं, म्हणून साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा, उद्या क्रीम लावून बसा.

शूजमधले इनसोल काढून आत वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला, रात्री परत बदला. हीटरवर ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. धुतलेली जर्सी कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पाय देऊन उभे राहा, निम्म्याहून जास्त पाणी टॉवेल घेतो आणि सकाळपर्यंत वाळते. सायकल त्याच संध्याकाळी धुवा, सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून सायकल उलटी करा म्हणजे फ्रेममध्ये साठलेलं पाणी निघतं (निशाण करून ठेवा, उंची बदलू नका), चेन पुसून ल्यूब, पॅडची जाडी बघा, टायर बोटाने फिरवत काचेचे तुकडे सुईने काढा. ओल्या रस्त्यावर काच रबरात सहज शिरते, आज शिरलेला तुकडा उद्या ट्यूबपर्यंत पोचतो. शूजखालच्या, पेडलला अडकणाऱ्या क्लीटचे स्क्रू, त्यातला चिखल, तेही बघा.

मग पोटभर जेवा आणि झोपायच्या आधी उद्याची बॅग भरून दाराशी ठेवा, ग्लोव्हजची कोरडी जोडी सगळ्यात वर.