नवा लिनक्स फाईलसर्व्हर लावलात? परमिशनच्या या चुका टाळा

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला, "दादा, फाईल उघडतेय, पण सेव्ह होत नाहीये." ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याचा फाईलसर्व्हर आम्ही शनिवार-रविवारी बदलला होता. जुन्यावर सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती होती. ३० जून २०२४ ला तिचे अपडेट थांबले, म्हणून नव्या मशीनवर अल्मालिनक्स ९ ही लिनक्सचीच दुसरी आवृत्ती टाकली. डेटा सगळा आला होता, एकही फाईल कमी नव्हती. तरी डिझाइनच्या मुलीला स्वतःचीच फाईल सेव्ह करता येईना. तासाभरात त्याहून वाईट कळलं: पगाराची शीट तिच्या मशीनवर सरळ उघडत होती.

नावावर विश्वास ठेवू नका, नंबर बघा

लिनक्स फाईलवर मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, नंबर ठेवतो. आपल्याला दिसतं ते त्या मशीनच्या युजर-यादीत त्या नंबरासमोर असलेलं नाव. जुन्या सर्व्हरवर अकाउंट्स विभागाच्या युजरचा नंबर १००३ होता आणि डिझाइनच्या युजरचा १००४. नव्यावर युजर बनवताना आमचा क्रम उलटा झाला. जुनी डिस्क नव्या मशीनला जोडून कॉपी केल्यामुळे फायलींवरचे नंबर तसेच राहिले, त्यांच्यामागची माणसं मात्र बदलली.

सेंटओएस ६ वरून आलात तर हा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. तिथे युजर ५०० पासून सुरू होत, हल्ली १००० पासून होतात, त्यामुळे मालकाच्या जागी नुसता '५०१' दिसतो. अशा बेवारस फायली 'फाइंड' कमांडला '-नोयुजर' आणि '-नोग्रुप' देऊन शोधता येतात. आमच्याकडे प्रत्येक फाईलवर ओळखीचं नाव होतं, फक्त चुकीचं. म्हणून 'एलएस -एलएन'ने फायलींवरचे नंबर बघा आणि दोन्ही मशीनच्या युजर-याद्यांतले नंबर शेजारी-शेजारी ठेवून बघा. ग्रुपचे नंबरही बघायला विसरू नका.

सगळ्यात सोपा उपाय आधीच करायचा असतो: नवे युजर बनवताना 'युजरअ‍ॅड -यू' देऊन जुनाच नंबर द्यायचा. वेळ निघून गेली असेल तर फाईलचा मालक बदलणाऱ्या 'सीएचओन' कमांडला '--फ्रॉम' देऊन नंबर बदला, पण अदलाबदल सरळ करू नका. १००३ चं १००४ केलं की दोघांच्या फायली एकाच ढिगात मिसळतात, मग कुठली कोणाची ते सांगता येत नाही. आम्ही आधी सांबा (नेटवर्कवर सगळ्यांना फायली देणारा प्रोग्राम) बंद केलं. मग १००३ चं २१००३, १००४ चं १००३ आणि शेवटी २१००३ चं १००४, असं तीन टप्प्यांत केलं.

घाईत ७७७ करू नका

हे चालू असताना छपाईची प्लेट काढायचं काम थांबलं होतं. मालक दारात उभे राहून म्हणाले, "अहो, सगळ्यांना सगळं उघडं करून टाका, नंतर बघू." त्यांची अडचण खरी होती. पण सगळ्या फोल्डरला 'सीएचमॉड -आर ७७७' (परमिशन बदलायची कमांड; ७७७ म्हणजे सगळ्यांना पूर्ण मुभा) दिलं असतं तर पगाराची शीट अख्ख्या छापखान्याला खुली झाली असती, आणि आधी कोणाला काय परवानगी होती याचा मागमूसही राहिला नसता. ७७७ करणं एका ओळीचं काम आहे. ते उलटवायची ओळ नाही. अपवाद एकच: आधी 'गेटएफएसीएल -आर' चालवून सगळ्या परमिशन एका फाईलमध्ये उतरवून ठेवलेल्या असतील तर 'सेटएफएसीएल --रिस्टोअर'ने त्या परत बसवता येतात. जुन्या सर्व्हरवर हे काम मी आता सगळ्यात आधी करतो.

सगळ्याला ६४४ (मालकाला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना फक्त वाचणं) देणंही तितकंच वाईट, कारण फोल्डरचा 'एक्स', म्हणजे आत जायची परवानगी, जातो आणि आत शिरताच येत नाही. 'सीएचमॉड'मध्ये मोठ्या लिपीतला 'एक्स' वापरा. तो फोल्डरला लागतो आणि साध्या फायली सोडून देतो.

'आरसिंक -ए' म्हणजे सगळं नव्हे

'आरसिंक' ही कॉपी करायची कमांड. तिच्या छोट्या '-ए'मध्ये एसीएल (एखाद्या युजरला किंवा ग्रुपला वेगळ्याने दिलेल्या परवानग्या) येत नाहीत, त्यासाठी मोठा 'ए' वेगळा द्यावा लागतो. ओळखायची खूण: जुन्या मशीनवर 'एलएस -एल'मध्ये परमिशनच्या शेवटी '+' आहे आणि नव्यावर नाही, तर एसीएल मागेच राहिले.

दुपारी पुढची तक्रार आली: नवी फाईल एकाने बनवली की दुसऱ्याला बदलता येत नाही. सांबाचा 'क्रिएट मास्क' (नव्या फाईलला जास्तीत जास्त किती परवानगी ते ठरवणारी सेटिंग) मुळात ०७४४ असतो, म्हणजे ग्रुपला फक्त वाचायची मुभा. सामायिक फोल्डरला २७७० द्या; ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला पूर्ण मुभा, बाकीच्यांना काहीच नाही. त्यातल्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक फाईल त्याच ग्रुपची होते. मग सांबात 'क्रिएट मास्क' ०६६० आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७० ठेवा. एखाद्याला ग्रुपमध्ये नव्याने टाकलं असेल तर त्याला लॉगआउट करून परत यायला सांगा, तोवर बदल लागू होत नाही.

परमिशन बरोबर दिसतात आणि तरी 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं, तेव्हा 'नेमआय -एल'ला पूर्ण पाथ द्या, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परमिशन दिसते. वरचं एखादं फोल्डरच बंद असतं. तेही ठीक असेल तर अल्मावर एसईलिनक्सचं (परमिशनच्या वरची आणखी एक सुरक्षा, ती प्रत्येक फाईलवर लेबल लावते) लेबल बघा, 'एलएस -झेड'ने दिसतं. होम फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवलेल्या फायली जुनं लेबल घेऊन येतात आणि सांबाला त्या वाचता येत नाहीत. एसईलिनक्स बंद करू नका. 'सीमॅनेज'ने फोल्डरला 'सांबा_शेअर_टी' लावा आणि 'रिस्टोअरकॉन -आर' चालवा.

छापखान्यात दीड वाजता प्लेट निघाली. त्या मुलीला फाईल सेव्ह करायला सांगितली, मग पगाराची शीट उघडायला सांगितली. पहिली सेव्ह झाली, दुसरी उघडली नाही, तेव्हाच आम्ही जेवायला गेलो.